वाळूतले गड्डे

चौतीस वर्षं मी नगरच्या कोर्टात लघुलेखिका होते. दुसऱ्यांचे जबाब ऐकायचे, टिपायचे, टाइप करायचे आणि संध्याकाळी मशीनवर कव्हर घालून घरी यायचं. खरं बोलणारा असो की खोटं, दोघांचीही पानं मी सारखीच स्वच्छ काढली. आता स्वतःचा जबाब लिहायला बसले, तर पहिलंच वाक्य जमेना. तेव्हा सरळच लिहून टाकते. शेजारच्या राहीबाईंचं निळं कमळ माझ्या हातून गेलं. मुद्दाम केलं नाही, पण केलं मीच. आणि नाथभाऊ त्याबद्दल मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते कसे माणूस आहेत हे सांगायचं, म्हणून हा सगळा खटाटोप.

नाथभाऊ म्हणजे गहिनीनाथ. मूळचे शेवगावकडचे. घरची कोरडवाहू जमीन भावाकडे ठेवून तरुणपणी नगरला आले आणि पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून लागले. सावेडीत आमच्या कॉलनीला दिवसाआड पाणी. कुठल्या गल्लीला कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे त्यांच्या हातात. सायकलच्या दांडीला ती लांब लोखंडी चावी बांधलेली असायची आणि पहाटे पाचला चेंबरचं झाकण वाजलं की सगळी गल्ली बादल्या घेऊन उठायची. आमच्या बायकांना नगरसेवकाचं नाव विचारलं तर आठवायला वेळ लागायचा, पण नाथभाऊ कुठल्या दिवशी रजेवर आहेत हे पाठ असायचं.

पाणी दहा मिनिटं कमी आलं की फाटकाशी उभं राहून त्यांना अडवायचं काम माझं.

"काय हो नाथभाऊ, आमच्या गल्लीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"टाकीतच न्हाई ताई. मी काय घाम सोडू नळाला?" असं म्हणून ते हसत पुढच्या चेंबरकडे जायचे. माझ्या बोलण्याचा त्यांना राग येत नाही, ह्याचाच मला राग यायचा.

त्यांचं घर माझ्या घराच्या मागे. मध्ये कमरेएवढी भिंत. माझ्या मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलं की त्यांचं सगळं परसदार दिसतं. त्या परसात नाथभाऊंनी स्वतःच्या हाताने एक चौकोनी हौद बांधला होता, दोन फूट खोल, सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन येईल अशा जागी. बांधला राहीबाईंसाठी.

राहीबाई त्यांच्या बायको. उंच, हडकुळ्या, अबोल. भिंगारच्या कॅम्पात एका लष्करी अधिकाऱ्याच्या बंगल्यावर त्या घरकाम करत. तिथल्या मॅडमनी बागेत टाक्यांमधून कमळं लावली होती. अधिकाऱ्याची बदली झाली तेव्हा मॅडमनी सामानातली एक साडी आणि एक मिक्सर राहीबाईंपुढे ठेवला आणि म्हणाल्या, काय हवं ते घे. राहीबाईंनी निळ्या कमळाची कुंडी मागितली. मिक्सर सोडून चिखलाची कुंडी घेऊन रिक्षातून आलेली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही, आणि तेव्हा मी ते गल्लीत सगळ्यांना हसून सांगितलं होतं.

आमच्या कोर्टातल्या एका वकिलांचं म्हणणं, ते कमळ नव्हेच, कुमुद. असेल. राहीबाई कमळ म्हणायच्या, म्हणून मीही कमळच म्हणते. फूल पाण्याच्या वर वीतभर येऊन सकाळी उघडायचं. कडेला निळं, आत पिवळंधमक. दुपार कलली की मिटायचं. असं तीन-चार दिवस, मग मान टाकून पाण्याखाली जायचं. तोवर दुसरी कळी तयार. मार्चात लावलं की उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्या हौदात फूल नाही असा दिवस विरळाच.

व्हॉल्व्हमनच्या घरी कमळं फुलणार नाहीत तर काय आमच्या घरी फुलतील, असं गल्लीत म्हटलं जायचं. सुरुवात माझीच. खरं म्हणजे त्या हौदात नळाच्या पाण्याचा थेंब पडत नसे. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरायचे आणि उन्हाळ्यात नाथभाऊ ड्युटी संपल्यावर चार गल्ल्या पलीकडच्या बोअरचं पाणी कॅन भरभरून सायकलवर आणायचे. ते मला दिसत होतं. तरी मी म्हणत होते.

एका पावसाळ्यात कॉलनीत डेंग्यूचे दोन पेशंट निघाले आणि मी आरोग्य खात्याला अर्ज केला. निनावी. 'सदर इसमाने आपल्या परसदारी उघडा पाणीसाठा केला असून त्यायोगे डासांची पैदास होत असल्याचे आम्हां रहिवाशांच्या निदर्शनास आले आहे.' दोन माणसं बॅटरी घेऊन आली, हौदात वाकून वाकून पाहिलं. अळी एक सापडली नाही, कारण राहीबाईंनी त्यात गप्पी मासे सोडले होते. उलट जाताना त्या माणसांनीच बरणीभर मासे मागून नेले. दुसऱ्या दिवशी राहीबाई भिंतीशी आल्या. स्टीलच्या पेल्यात एक फूल होतं.

"घ्या ताई. डास न्हाईत, पर फूल हाय."

मी घेतलं. थँक्यू म्हटलं की नाही ते आठवत नाही.

कार्तिक लागला, नगरची थंडी बसायला लागली की हौदातली पानं पिवळी पडायची आणि पाणी उघडं व्हायचं. मग राहीबाई कुंड्या बाहेर काढून कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसायच्या. मी वर चहा पीत बघायची. वाटायचं, कुंड्या साफ करतायत. वीस वर्षांत एकदाही खाली उतरून विचारलं नाही की बाई, नक्की काय करता? गल्लीतल्या प्रत्येक घरातलं भांडण मला तारखेसकट माहीत होतं, आणि हे माहीत नव्हतं.

त्या काय करत होत्या ते मला फार उशिरा कळलं. पण इथेच सांगते, म्हणजे माझी चूक केवढी होती ते वाचणाऱ्याला समजेल. हे कमळ उन्हाळी मुलखातलं. थंडीत ते मरायला टेकतं, पण मरण्याआधी बुडाशी अक्रोडाएवढे काळे गड्डे धरतं. ते गड्डे शोधून, धुऊन, मडक्यात ओलसर वाळूत पुरून जिन्याखालच्या अंधारात ठेवायचे. वाळू सुकली तर गड्डे वाळतात, जास्त ओली झाली तर कुजतात. महाशिवरात्रीला थंडी निघते. त्या दिवशी बाहेर काढायचे, पुन्हा धुवायचे आणि पाण्यात घालून खिडकीच्या उन्हात ठेवायचे. कोंब दिसला की काळ्या मातीत लावायचे. मॅडमनी हे एकदाच सांगितलं होतं. राहीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं डोक्यात आणि बोटांत.

नाथभाऊ रिटायर झाले त्याच्या पुढच्या वर्षी राहीबाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यांची मुलगी ज्योती शेवगावला दिलेली, ती येऊन-जाऊन असायची. मधल्या वेळेला अडचण नको म्हणून त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे राहिली. शेवटच्या कार्तिकात राहीबाईंना खाली बसवत नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या, पाय सुजून तट्ट झालेले, आणि चिखलात बसले नाथभाऊ. तीस वर्षं गंजलेले व्हॉल्व्ह फिरवून त्यांच्या हाताला जोर लावायचीच सवय.

"हळू. नळ न्हाई त्यो," राहीबाई म्हणाल्या. "नुसतं दाबून बघा. कडक लागला तर ठिवा, पिचका असंल तर टाका."

त्यांना ते जमेना. शेवटी एकेक गड्डा राहीबाईंनीच मांडीवर घेऊन, सुजल्या बोटांनी चाचपून निवडला.

"शिवरात्रीला काढा. आदी न्हाई. तुमाला घाई असती."

"तू हायेस की सांगाया."

"मी असन, नसन. येक तरी फूल आनून दावा."

पौषात राहीबाई गेल्या.

दहावं, तेरावं झालं, ज्योती सासरी गेली आणि नाथभाऊ एकटे उरले. ड्युटी नसली तरी पहाटे साडेचारला त्यांच्याकडे दिवा लागायचा. मग हौदाच्या कठड्यावर येऊन बसायचे. हौदात पाणी आणि मासे, बाकी काही नाही. मी बोलघेवडी असले तरी त्या वेळी माझ्याच्याने बोलवलं नाही. मी डबा द्यायला लागले. माझं एकटीचं घर, एक पोळी जास्त लाटायला काय लागतं? डबा रोज घासून, त्यात चार लिंबं नाहीतर मूठभर कढीपत्ता घालून परत यायचा. रिकामा कधी आला नाही.

दर आठ दिवसांनी ते जिन्याखालचं मडकं उजेडात आणून वाळूत बोट घालून बघत होते आणि ओंजळीतून चार थेंब शिंपडत होते. ते मला माहीत नव्हतं. त्या अख्ख्या थंडीत त्या माणसाला जगायला तेवढं एकच काम होतं.

महाशिवरात्रीच्या दिवशी सकाळी नाथभाऊ पिशवी घेऊन महादेवाच्या देवळात गेले. गर्दी असणार, बाराच्या आत यायचे नाहीत. मी विचार केला, माणूस एकटा, उपास म्हणून नुसता चहावर राहील. तेव्हा आज आयतं ताट वाढू. माझ्याकडची भगर आणि दाण्याची आमटी डब्यात घेतली, किल्ली घेतली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावर किलोभर रताळी होती. आणि शेजारी, खिडकीत, ऊन येत होतं तिथे, स्टीलच्या पातेल्यात पाण्यात घातलेले काळे काळे गड्डे. स्वच्छ धुतलेले. मला वाटलं, अळकुड्या, अळूचे कंद. आमच्या माहेरी उपासाला अळकुड्या चालतात. एवढं धुऊन ठेवलंय, पण पुढे काय करायचं ते कळलं नसेल बिचाऱ्याला, असं मी मनात म्हटलंसुद्धा. वर कौतुक केलं, की राहीबाईंनी वळण लावलंय हो.

रताळी आणि ते, सगळं एकाच कुकरला लावलं. तीन शिट्ट्या. रताळ्यांवर गूळ-तूप. अळकुड्यांची सालं काढली, जरा चिवट होती. जिऱ्याची फोडणी, मिरची, दाण्याचं कूट. वास छान सुटला. पातेलं घासून पालथं घातलं.

नाथभाऊ आले. कपाळाला भस्म, हातात बेलाची पानं. दारातूनच त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग पालथ्या पातेल्याकडे. मग ताटाकडे. मी म्हटलं, "बघताय काय? हात धुवा आणि बसा. रताळी केलीत आणि तुमच्या अळकुड्या केल्यात."

ते उभेच राहिले. मग विचारलं, "समद्या?"

"सगळ्या. उरवून काय करायच्यात?"

"खरं हाय," ते म्हणाले. बेलाची पानं कोनाड्यात ठेवली, हात धुतले आणि बसले.

मी समोर बसून एका वाटीत दोन अळकुड्या घेतल्या, चव बघायला. तुरट लागल्या. "जुनाट दिसतायत. कुठल्या भाजीवाल्याने फसवलं तुम्हाला?" असं मी विचारलं. त्यांनी आमटी सोडली, भगर सोडली, रताळ्याला हात लावला नाही. एकेक गड्डा उचलून सावकाश चावून खाल्ला. सगळे संपवले. ताटातलं कूटसुद्धा बोटाने पुसून घेतलं.

"चांगलं झालंय ताई."

मला इतकं बरं वाटलं! घरी येताना मी भिंतीवरून वळून पाहिलं. नाथभाऊ परसात आले होते. त्यांनी चारही कुंड्यांत काळी माती भरली, दाबली, वर वाळूचा थर दिला आणि एकेक कुंडी सावकाश हौदात सोडली. लावलं वाटतं कमळ, असं म्हणून मी आत गेले.

चैत्र गेला, वैशाख गेला. हौदात पान दिसेना. मी माझ्या स्वभावाप्रमाणे गप्प बसले नाही.

"काय नाथभाऊ, रुसलं का कमळ?"

"थंडी लई पडली औंदा. दगावलं असंल."

"राहीबाईंच्या हाताला गुण होता," मी म्हटलं. "तुमच्या हाताला नाही तो."

"न्हाई, ते खरंच," ते म्हणाले.

हे माझं वाक्य मी पुन्हा वाचलं आणि खोडायला घेतलं. पण कोर्टात मी कुणाच्या जबाबातला शब्द कधी खोडला नाही, तेव्हा माझाही राहू दे.

पौषात राहीबाईंचं वर्षश्राद्ध झालं. ज्योती आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर तिने पदर खोचून हौदातल्या कुंड्या वर ओढल्या आणि माती उकरली. मग तशीच चिखलाच्या हातांनी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"आत्या, कुंड्यात काहीच न्हाई," ती म्हणाली. मला ती लहानपणापासून आत्या म्हणते. "कुजलेलं साल बी न्हाई. नुसती माती. अण्णांनी लावलंच न्हाई काही."

"थंडीने गेलं म्हणाले ते."

"मला बी तेच म्हनले. पन शिवरात्रीला सकाळी त्यांचाच फोन आल्ता. लई खुशीत हुते. म्हनले, तुझ्या आईनं ठिवलेलं समदं चांगलं निघालं, एक बी कुजलं न्हाई, धुऊन स्टीलच्या पातेल्यात घालून खिडकीत ठिवलंय. आन संध्याकाळी मी फोन केला, तर म्हनले, गेलं. एका दिसात कसं जाईल, आत्या?"

स्टीलच्या पातेल्यात. खिडकीत.

ज्योतीला मी हात धुवायला पाणी दिलं. ती निघून गेली. मी ओट्यावर तशीच बसून राहिले. तोंडात तो तुरटपणा आला, दहा महिन्यांनी. कोर्टात मी कितीदा लिहिलं होतं, 'त्यावेळी माझ्या लक्षात आले नाही'. प्रत्येक वेळी मनात म्हणायची, खोटारडा मेला, लक्षात कसं येत नाही? येत नाही. वीस वर्षं समोर बसलं तरी येत नाही.

ज्योतीची गाडी गेली तशी मी भिंतीला वळसा घालून मागे गेले. नाथभाऊ नारळाच्या काथ्याने हौदाचं शेवाळ घासत होते.

"नाथभाऊ, त्या अळकुड्या नव्हत्या."

त्यांचा हात थांबला नाही. "ज्योतीला बोललात काय?"

"नाही."

"नका बोलू. ती रडंल, आन तुमाला टाकून बोलंल. तिचा सभाव तापट हाय."

"तुम्हाला ताट बघितल्याबरोबर कळलं होतं. मग खाल्लेत कशाला?"

आता त्यांनी काथ्या खाली ठेवला. "शिजल्यावर काय उगवनार हुतं, ताई? मी न्हाई म्हनलो असतो, तर तुमी समदं घंटागाडीत टाकलं असतं. तिनं सुजल्या हातानं निवडल्यालं. घंटागाडीत टाकू द्यायचं?"

"मला बोलायचंत. चार शिव्या द्यायच्यात!" माझा आवाज चढला. चूक माझी आणि ओरडत मीच होते.

"तुमी सकाळपासनं उपाशी हुता. आन लई हौसेनं वाढलं हुतं." त्यांनी हौदाच्या पाण्यात हात धुतले. "तुमी त्यो अर्ज केल्ता, तवा मी चिडलो हुतो. येऊन भांडनारच हुतो. राही म्हनली, जाऊ द्या, बाई एकटी असती, बोलाया कोन न्हाई घरात, म्हून लिहिती."

मी खालीच बसले. "अर्जाखाली नाव नव्हतं."

"नाव कशाला पायजे? 'सदर इसम' म्हननारं आपल्या गल्लीत दुसरं कोन हाय?"

ते हसले. खरंच हसले. आणि मी त्या हौदाच्या कठड्यावर डोकं टेकून रडले. आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. पेल्यातलं फूल घेताना मी त्या बाईकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि ती मला पुरती ओळखून होती. हे तिला सांगायला आता ती नव्हती, आणि तिचं कमळही नव्हतं.

मी स्वस्थ बसणारी नाही. भिंगारला कॅम्पाच्या गेटवर गेले. तिथल्या जवानाने अदबीने विचारलं, कोणते साहेब, कोणतं साल? राहीबाई त्यांना नुसतं मॅडम म्हणायच्या. नाव नाथभाऊंनाही माहीत नव्हतं. परत आले. मग पुण्याच्या एका नर्सरीतून निळं कमळ मागवलं. मार्चात ते ओल्या कागदात गुंडाळून आलं. नाथभाऊंनी माती भरली, कुंडी हौदात सोडली, मेपासून बोअरचं पाणी आणून घातलं. गुडघे दुखत होते तरी आणलं.

जूनमध्ये पहिलं फूल आलं. निळं होतं, पण जांभळ्याकडे झुकणारं, आणि आतला पिवळा फिका. सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "ताई, तुमचं फूल उमललं बघा."

मी वाट पाहिली. दुसरं आलं, तिसरं आलं, दहावं आलं. प्रत्येक वेळी त्यांनी मला आठवणीने हाक मारली, आणि प्रत्येक वेळी ते माझंच फूल होतं. ते त्याची सगळी उस्तवार करायचे. पण पहाटे कठड्यावर बसायचे ते हौदाकडे पाठ करून, हे मी गॅलरीतून पाहिलं. त्यांच्या मनात राग नव्हता. ते फूल राहीबाईंचं नव्हतं, एवढंच.

परवा कार्तिक सरता सरता पानं पिवळी पडली. सकाळी नाथभाऊंनी हाक मारली, "ताई, खाली या. वरनं दिसत न्हाई."

मी गेले. त्यांनी कुंडी बाहेर काढून ठेवली होती. मला पाट दिला. "हात घाला."

एकाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा चिखलात हात घातला. गार, घट्ट, कुजका वास. मुळ्यांच्या गुंत्यात काहीतरी टणक लागलं. काढलं. तसलंच मी एकदा सोललेलं होतं, फोडणीला टाकलेलं होतं, तरी हातात घेऊन असं कधी पाहिलं नव्हतं.

"दाबून बघा. हळू. कडक हाय?"

"आहे."

"ठिवा."

एकेक करून काढले, धुतले. राहीबाईंचंच मडकं त्यांनी आणलं होतं. वाळू मुठीत धरून दाखवली, एवढी ओली, ह्याच्यावर नाही. गड्डे पुरले. मी म्हटलं, "मी एक चिठ्ठी टाइप करून देते, मडक्याला चिकटवा. 'खाण्याचे नाहीत'."

"चिठ्ठी कशाला ताई? आता तुमाला म्हाईत हाय की."

वरून वाळूचा शेवटचा थर देताना त्यांनी विचारलं, "किती भरलं?"

"सात."

"तिचं अकरा हुतं," नाथभाऊ म्हणाले. आवाज साधाच होता, चेंबरवर उभं राहून कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडलं ते सांगायचे तसा. "नऊ मी खाल्लं, दोन तुमी."

मग दोन्ही हातांनी मडकं उचलून ते जिन्याखाली घेऊन गेले. मी उठून घरी आले. हात धुवायला मोरीत गेले, नळ सोडला, आणि बराच वेळ तशीच चिखलाचे हात घेऊन उभी राहिले.